वाचून झालं की उकिरड्यावर

वैशाख लागला की आमचं गाव उकिरडे उपसायला लागतं. पुण्या-मुंबईच्या मासिकांतून वैशाखाची वर्णनं वाचावीत तर सगळीकडे मोगरा, वाळ्याचे पडदे आणि आंब्याच्या अढ्या. आंबा आमच्याकडेही आहे. पण निपाणीच्या आसपासच्या गावांतला वैशाख नाकाला कळतो तो मुरलेल्या खताच्या वासानं. घाण वास नव्हे तो. घाण येते ती कालच्या शिळ्यापाक्याला. वर्षभर दाबून ठेवलेलं शेण, राख, पाचट, तंबाखूच्या काड्या, भाज्यांची देठं यांचं एकदा काळं भुसभुशीत खत झालं, की त्याला भिजलेल्या गोणपाटासारखा, जुन्या माजघरासारखा एक थंड वास असतो. तो आला की मला अजून कुणीतरी मागून हाक मारल्यासारखं होतं.

आज सकाळी गाड्या लागल्या. मी कट्ट्यावर बसून होते. या वयात कट्टा हीच आमची कचेरी. तेवढ्यात नातसून पद्मा दोन बुट्ट्या घेऊन बाहेर आली. ही बेळगावची, इंग्रजी शिकलेली. गेल्या आठवड्यात शेतकी खात्याचा एक माणूस चावडीत भाषण करून गेला. धान्य जास्त पिकवा, त्यासाठी कचऱ्याचे थर द्या, वर शेण, वर राख, वर पाणी. जाताना एक छापील पत्रकही वाटून गेला. तेव्हापासून ही उत्साहात.

"आज्जी, ह्याला कंपोस्ट म्हणतात," ती म्हणाली.

"म्हणू देत की. उकिरड्याला कुठं ऐकू येतंय!"

ती हसली नाही. एका बुट्टीत फणसाची काटेरी चारखंडं, भाज्यांची सालं, आंब्याच्या कोयी. दुसरी बुट्टी रिकामी. हातात वाण्याकडून आलेले पुड्यांचे कागद घेऊन ती उभी राहिली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "आज्जी, हे कशात टाकू? अक्षरं आहेत ह्याच्यावर. उकिरड्यावर पाय लागतील."

मी इतकी हसले की तोंडात उरलेले दोन दात बाहेर येऊन पडतात की काय असं वाटलं. पोर ओशाळली. तिला काय ठाऊक, की याच एका वाक्याच्या बळावर तिच्या आज्जेसासूनं एके काळी अख्ख्या गल्लीला येडं केलं होतं!

मी या घरात आले तेव्हा माझी उंची जात्याच्या खुंट्याएवढी आणि नाक मात्र आभाळात. बेळगावात वडील शाळामास्तर, मी मराठी चौथी पास. गाडीनं वेशीबाहेरचं काकती गाव मागं टाकलं तोवर मी आईसाठी धाय मोकलून रडले. मग रस्त्याच्या कडेला मैलाचा दगड आला. मी रडणं थांबवून तो मोठ्यानं वाचला. गाडीवाल्याला, पाठराखणीला, सगळ्यांना कळावं की नवरी वाचते. कुणी मान वळवली नाही. एका बैलानं कान तेवढा हलवला. पुढं गावापर्यंत मी त्या बैलाच्या भरवशावर गप्प बसले.

घर शेतकऱ्याचं, जैनाचं, खाऊनपिऊन सुखी. सासऱ्यांना मामा म्हणायचं, सासूला आत्या. आमचे हे तेव्हा मिसरूड फुटायच्या बेतात. माझ्याशी बोलायचं धाडस नव्हतं, म्हणून मला ऐकू जाईल अशा बेतानं बैलांशी बोलायचे. सगळं होतं त्या घरात, वाचायला तेवढं काही नव्हतं. देवघराच्या फळीवर रेशमी फडक्यात बांधलेल्या पोथ्या होत्या, त्या ज्येष्ठात श्रुतपंचमीला बाहेर निघत, पुसल्या जात, पूजल्या जात आणि पुन्हा बांधल्या जात. मी पहिल्या वर्षी हळूच एकीचं पान बघितलं. सगळं कानडी! बोलायला मला कानडी येत होतं; अक्षर एक ओळखीचं नव्हतं. पाण्यानं भरलेल्या विहिरीवर पोहरा नसावा तसं झालं.

चौथीपर्यंत शिकलेल्या मुलीला न वाचता राहणं म्हणजे काय, हे न शिकलेल्याला सांगून कळत नाही आणि खूप शिकलेल्यालाही कळत नाही. डोळ्यांना भूक लागायची. मी तुळशीवृंदावनावरच्या भेगांत अक्षरं बघायची. आणि मग एके दिवशी निपाणीच्या बाजारातून हिंगाची पुडी आली.

पुडीचा कागद! कुठल्यातरी जुन्या वर्तमानपत्राचा. हिंग डबीत ओतला आणि चुलीपुढं बसून मी तो कागद वाचला. उलटा करून वाचला. कुठल्याशा गावी कुणा रावसाहेबांचं आगमन झालं होतं आणि त्यांना हार घालण्यात आले होते. एवढंच. पण मला पुरणपोळी खाल्ल्यासारखं झालं. घरात तेव्हा कागद म्हणजे एवढाच: हिंगाचा, जिऱ्याचा, सुंठीचा. लग्नाची कुंकवाची चिठ्ठी आली तर सणच.

कागद वाचून टाकून द्यायचा माझा जीव होईना. पदराखाली साठवू लागले, आणि एक दिवस आत्यांनी धरलंच.

"काय करालीस गं?"

आणि माझ्या तोंडून ते वाक्य निघालं. "आत्या, अक्षरं आहेत ह्याच्यावर. उकिरड्यावर टाकलं तर पाय लागतील. जिनवाणी ती."

जिनवाणी म्हणजे आमच्या धर्मातलं भगवंताचं बोलणं, शास्त्र. आत्यांनी माझ्याकडं बघितलं, कागदाकडं बघितलं. त्यांना अक्षरओळख नव्हती. "व्हय व्हय," म्हणाल्या. "ठेव."

झालं! गल्लीभर झालं की नवी सून लई धर्माची. कागदाला पाय लागू देत नाही. बायका दळायला यायच्या तेव्हा कनवटीला आपापल्या घरच्या पुड्या घेऊन यायच्या आणि माझ्या हातात देऊन नमस्कार करायच्या. मीही कागद डोळ्यांना लावून घ्यायची. काय तो माझा चेहरा असेल! आज आरशात दिसला तर पहिली थोबाडीत मी मारीन. त्या कागदांवर केस वाढवायचं तेल होतं, मूळव्याधीच्या औषधाची जाहिरात होती, हरवलेल्या म्हशीचं वर्णन होतं. ते सगळं मी भक्तिभावानं कपाळाला लावून, एकांतात वाचून, माजघरातल्या एका रिकाम्या लहान कणगीत ठेवत असे. मामांनीच ती कणगी दिली होती, कौतुकानं. शेजारी बियाण्याच्या ज्वारीची मोठी कणगी.

त्यातच दालचिनीच्या पुडीतून यमुना आली.

कुठल्यातरी मासिकातल्या गोष्टीचं अर्धं पान होतं ते. यमुना घरात एकटी, बाहेर पाऊस, दारावर थाप. ती उठते, बसते, पुन्हा थाप. शेवटची ओळ अजून पाठ आहे: "यमुनेने दिव्याची वात मोठी केली, धीर करून कडी काढली, आणि पाहते तो दारात—" पुढं कागद फाटलेला. फाटलेल्या कडेला दालचिनीचा भुगा. तो कागद मी कणगीत टाकला नाही. चुलीमागच्या भिंतीच्या फटीत खोवून रोज वाचायची. जणू रोज वाचलं तर एखाद्या दिवशी पुढची ओळ उगवेल.

उकिरड्याकडे मी तेव्हा नाकाला पदर लावून जायची. बेळगावची ना! आमच्या आत्यांचं मात्र तिथं राज्य. परड्यामागं करंजाच्या झाडाखाली तो चौकोनी खड्डा. मामांची आई कानडी घरातली, ती त्याला तिप्पी म्हणायची. आत्यांचे नेम देवघराला नसतील इतके कडक. कढत पाणी उकिरड्यावर ओतायचं नाही, आधी निवू द्यायचं. त्यात जीव असतात. साल टाकलं की वर राख. राख टाकली की वर शेण. वैशाखात उपसायच्या आधी काठीनं कडेकडेनं ठोकत एक फेरी मारायची आणि म्हणायचं, "सरा रं बाबांनो, सरा, फावडं येतंय." मग सगळ्यांनी थोडा वेळ गप्प उभं राहायचं, खड्ड्यातल्या बिऱ्हाडांना सामान आवरायला सवड म्हणून.

शिवाय उकिरडा आत्यांचा हेर होता. आमच्याकडं चातुर्मासात कांदा-लसूण बंद. एकदा ऐन श्रावणात उकिरड्यावर राखेखालून कांद्याचं साल डोकावलं. आत्यांनी ते काठीनं उलटून बघितलं आणि घराकडं तोंड करून मोठ्यानं म्हणाल्या, "माणूस बोलंल खोटं. उकिरडा न्हाय बोलत." त्या दुपारी जेवताना मामांनी ताटातून मान वर केली नाही.

माझा मात्र एकही कागद तिथं जात नव्हता. दुसरा वैशाख आला. गाड्या जुंपल्या, फावडी निघाली. पेरणीआधी घर झाडायचं म्हणून ह्यांनी माझी कणगी उचलायला हात घातला आणि बूड खालीच राहिलं.

वाळवी.

माझी जिनवाणी आतून पोकळ झाली होती. वरचे कागद शाबूत, खाली नुसता मातीचा लगदा आणि त्यात पांढरी वळवळ. आणि मातीची एक नळी भिंतीच्या कडेनं सरळ शेजारच्या मोठ्या कणगीला जाऊन भिडलेली. बियाण्याच्या ज्वारीला. वर्षाच्या भाकरीला.

दुसऱ्या कुणाचं घर असतं तर कढत पाणी ओतून मोकळे झाले असते. आमच्या घरात माणसं वाळवीभोवती गोल उभी राहिली, पाहुण्यांना जा कसं म्हणावं या विचारात पडल्यासारखी. मामा उकिडवे बसले. मोठ्या कणगीच्या बुडाशी हात घालून चाचपलं. बोटांना माती लागली, पण दाणे कोरडे निघाले. अजून आत शिरली नव्हती.

"मारायचं न्हाय," मामा म्हणाले. "पर बी गेलं तर समद्यांनी खायाचं काय?"

मग माझ्याकडं न बघता, हळूच, रागाशिवाय म्हणाले, "हितनं पुढं ह्या घरात कागुद नको. पुडी दुकानातच फडक्यात सोडून आणा."

रागावले असते तर बरं झालं असतं. रागाचा शब्द उतरतो. मामांचा हळू बोललेला शब्द म्हणजे धोंड्यावरची रेघ. मला कळलं, की आता हिंग येईल, जिरं येईल, सुंठ येईल, आणि त्यांच्या अंगावरची अक्षरं बाजारातच राहतील. घरातली भिंत, चूल, बैलांची शिंगं, यांतलं काहीही मला कधी काही सांगणार नाही. लग्न होऊन वर्ष उलटलं होतं, पण सासरी आले असं मला त्या दिवशी वाटलं.

बुडासकट ती कणगी तट्ट्यावर घेतली. एक टोक ह्यांनी धरलं, दुसरं मी. परड्यातून उकिरड्याकडे निघालो. दळायला आलेल्या बायका ओसरीवरून बघत होत्या: कागदाला पाय लागू न देणारी सून जिनवाणी घेऊन उकिरड्यावर चालली. वर्षभर कमावलेलं पुण्य एका फेरीत गेलं. हे वाटेत बैलांना म्हणाले, "भिऊ नका रं, रडू नका." बैल रडत नव्हते.

करंजाच्या सावलीत, खड्ड्याच्या कडेला आम्ही ते सगळं अलगद ठेवलं. आत्यांनी वर ओलं गोणपाट घातलं. "खावा आता हितं बसून," वाळवीला म्हणाल्या. ह्यांना गाडीकडं पिटाळलं आणि स्वतः खड्ड्याच्या काठावर बसल्या. मलाही बसवलं. नाकाचा पदर मी विसरूनच गेले होते.

"आता खरं सांग. जपत हुतीस का वाचत हुतीस?"

"वाचत होते."

"ठाव हाय मला. जिनवाणी जपणारी पोर व्हट हलवीत न्हाय. आन् खुदुखुदु हसतबी न्हाय." मग इकडंतिकडं बघून, आवाज खाली आणून, "दारात कोण हुतं?"

"कुठल्या दारात?"

"त्या यमुनीच्या! चुलीम्होरं रोज पुटपुटतीस न्हवं? कडी काढली, आन् दारात, आन् गप बसतीस. रोज तितंच गप. कोण हुतं?"

"कागद फाटलेला आहे आत्या. मलाही ठाऊक नाही."

"आगं माझे भवाने!" आत्यांनी कपाळावर हात मारला. "आन् मी म्हंतो, पोर मुद्दाम राखून ठेवतीया. दिसामागनं दिस माझा जीव त्या उंबऱ्यावर टांगलाय!"

संध्याकाळी आमच्याकडं दिवस मावळायच्या आत जेवणं होतात. रात्री खायचं नाही, शिजलेलं रात्रीवर ठेवायचं नाही. मामा हात धुऊन उठले तशा आत्या म्हणाल्या, "कागुद येऊ दे घरात."

"वाळवीचं इसरलीस?"

"वाळवी साठवल्याला लागती, वाचल्याला न्हाय. जेवणाचा जो नेम त्योच कागदाचा. दिवसा यील, दिवसा वाचंल, दिवस मावळायच्या आत उकिरड्यावर. रातीवर कायबी ठेवायचं न्हाय."

मामा बराच वेळ तोंडातला कात चघळत राहिले. "पाय लागतील की अक्षराला."

"आंबा खाल्लासा आत्ता. कोय कुठं टाकलासा?"

मामांनी उकिरड्याकडं बघितलं.

"आंब्याचा अपमान झाला व्हय? रस प्वाटात गेला, कोय मातीत. वाचल्यालं कागुद म्हंजे कोय."

मामा हसले नाहीत, पण पटका काढून गुडघ्यावर ठेवला. ते पटका काढत ते हरल्यावरच. "तंबाखूच्या बाजाराचं काय छापल्यालं असंल," म्हणाले, "तर टाकायच्या आदी मला वाचून दाव."

तेव्हापासूनचे ते दिवस. ऊन कलतं झालं की आत्या सूप घेऊन बसायच्या, मी कागद घेऊन. एकदाच वाचायचं, कारण सावली परड्याच्या भिंतीला टेकली की कागद गेलाच. सुरुवातीला माझी तारांबळ उडाली. कणगी होती तेव्हा मी वाचत होते आणि विसरत होते. कागद आहेच की, म्हणून. आता डोक्यातच ठेवायचं होतं. मला एखाद्या रावसाहेबांचं नाव आठवायचं नाही, आत्यांना हारातली फुलं आठवायची. "शेवंती म्हनलीस काल," सूप न थांबवता सांगायच्या. माझी खरी शाळा ती, चौथीनंतरची सगळी. पाटी पुसल्याशिवाय पुढचं गणित येत नाही हे बेळगावच्या मास्तरांनी शिकवलं होतं, पण पाटी पुसताना बोटांना लागतं ते काय असतं ते मला उकिरड्याच्या काठावर कळलं.

सगळंच आत्यांचं बरोबर असायचं असं नाही. लाल शाईचा कागद टाकला म्हणून वांगी कडू झाली असा त्यांचा ठाम समज होता, आणि त्या वर्षी वांगी खरंच कडू झाली, त्यामुळं माझं काही चाललं नाही.

आणि यमुना? तिच्या पायी आत्या बाजाराच्या दिवशी स्वतः निपाणीला जाऊ लागल्या. मी बरोबर. दुकानदार कानडी बोलणारा. "येन बेकव्वा?" काय पाहिजे म्हणून विचारायचा.

"दालचिनी," आत्या म्हणायच्या. "थोडकीच. पर ह्या कागदात नको. त्यो खालचा घे. न्हाय न्हाय, त्याच्या खालचा."

तो बिचारा गठ्ठा उपसायचा. एकदा म्हणाला, "अव्वा, तुला दालचिनी पाहिजे का कागद पाहिजे?" आत्या म्हणाल्या, "तू दालचिनी इकतोस का चौकशी?" घरात इतकी दालचिनी साठली की आमटीत दालचिनी, कढीत दालचिनी. मामा एकदा घास थांबवून म्हणाले, "म्हशीच्या आंबोणातबी घालतीस का काय?" यमुनेचा उरलेला कागद काही आला नाही.

मग मीच रचायला लागले. दारात नवरा होता. आत्या मान हलवायच्या: "न्हवरा एवढा थाप मारत बसतोय व्हय?" दारात चोर होता. "चोर थाप मारत न्हाय." दारात भाऊ होता, माहेरचा. यावर त्या सूप खाली ठेवायच्या आणि म्हणायच्या, "भाऊ असता तर थाप वळखली असती तिनं."

दर वैशाखात उकिरडा उपसताना आत्या वाकून बघायच्या. मीही बघायची. कोयी सापडायच्या, अर्ध्या फुटलेल्या. काचेच्या बांगडीचा तुकडा सापडायचा, चकचकीत, काल फुटल्यासारखा. एकदा माझं हरवलेलं जोडवंही सापडलं. कागद मात्र कधीच नाही. एक अक्षर नाही, शाईचा डाग नाही. सगळ्यात आधी कागद मातीला मिळायचा. मला पहिल्यांदा त्याचं वाईट वाटायचं. श्रुतपंचमीला पोथ्यांच्या कडांचा जो चुरा पडे तो देवळातले उपाध्ये फडक्यात बांधून नदीत सोडत. अक्षराला जागा ती. मग पुढं वाटू लागलं, नदीत गेलेलं पार समुद्राला जातं. उकिरड्यात गेलेलं वर्षाच्या आत आपल्याच ताटात येतं. बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात म्हणतात. आमच्या उकिरड्याला एवढी वाट बघावी लागली नाही. रावसाहेब, मूळव्याध, म्हैस सगळी ज्वारीतून परत आली, आणि आम्ही ती जेवून मोठी झालो. माझी पोरं, त्यांची पोरं. यमुनेचा तो अर्धा तुकडाही एके दिवशी आत्यांनी माझ्याकडून टाकून घेतला. "पाठ झालीया न्हवं? मग कशाला?" दुसरा अर्धा कुणा दुसरीच्या उकिरड्यात कधीच कुजला असेल. तिला शेवट कळला असेल आणि सुरुवात कळली नसेल.

आत्या गेल्या त्याही वैशाखातच. म्हातारपणानं, फार आजार नाही. दुपारी सोप्यात पडून होत्या. बाहेर खताच्या गाड्या चालल्या होत्या, आणि तो वास आत येत होता. मी वारा घालत होते. त्यांनी डोळे उघडले.

"आता तरी सांग. दारात कोण हुतं?"

रचायचं सगळं रचून झालं होतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "तुम्ही होता, आत्या."

त्यांच्या ओठाच्या कडेला हसू आलं.

"मग कडी काढायला एवढा येळ का लावलीस, गं?"

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. आज पद्मानं पुड्यांचे कागद हातात धरून ते वाक्य उच्चारलं आणि सगळं वर आलं, फावडं लागल्यासारखं. तिला म्हटलं, "आधी वाच. मोठ्यानं वाच, मला ऐकू कमी येतं." तिनं वाचलं. दिल्लीत काहीतरी बोलणी चाललीयत, स्वराज्य येणार म्हणतात. मागच्या बाजूला केसांच्या तेलाची जाहिरात. तेल अजून आहेच! मग म्हटलं, "काय काय होतं ते न बघता सांग." चारातलं तिला दोन सांगता आलं. शिकेल.

लढाईपासून कोऱ्या कागदाची टंचाई, म्हणून मी हे शेतकी खात्याच्या त्या कंपोस्टच्या पत्रकांच्या पाठीवर लिहिलं. घरोघरची गोळा केली. अक्षरांना पाय लागू नयेत म्हणून, असं सांगून. अजून चालतं ते वाक्य. लिहून झालं तशी पद्माला दिलं. तिनं करंजाखाली उभं राहून वाचलं, डोळे पुसले, मग हसली, मग कागद छातीशी धरून म्हणाली, "आज्जी, पण खरंच, दारात कोण होतं?"

"सावली भिंतीला टेकली बघ," मी म्हटलं. "टाक आधी."

ती खड्ड्याच्या काठाशी गेली. माझी नजर अधू, पुढचं मला नीट दिसलं नाही. एवढं शेवटचं एका उरलेल्या पत्रकावर लिहिलं, तेही टाकायला तिच्याच हाती देणार. तेव्हा हे तुमच्या वाचनात आलं असेल, तर पोरीनं माझं ऐकलेलं नाही असं समजा, आणि बियाण्याच्या कणगीखाली एकदा हात घालून बघायला सांगा तिला.